आत बसून जेवायला

स्नेहलने पार्सलची पिशवी उचलली, दोन्ही बाजू बघितल्या आणि रस्ता ओलांडला. मोटरसायकलवाला पलीकडच्या जांभळीखाली थांबला होता. त्याने गाडी बंद केली नव्हती.

"आत या की," ती म्हणाली. "गरम वाढते. भाकरी बांधून नेली की चिवट होते."

"नको वयनी. घरी वाट बगतात." त्याने पिशवी हँडलला अडकवली, पैसे तिच्या हातावर ठेवले आणि तिच्याकडे न बघताच म्हणाला, "त्या दिवशीचं बिरडं लई भारी झालेलं. आमच्या म्हातारीनं वाटी पुसून खाल्ली."

"मग त्यांनाच घेऊन या एकदा."

"बगू," तो म्हणाला आणि निघाला. हॉटेलसमोरून जाताना त्याचा उजवा हात कपाळाला लागला, मग छातीला. देवळावरून जाताना लागतो तसा.

स्नेहल रस्त्याच्या कडेला उभी राहून आपल्याच हॉटेलकडे बघत राहिली. चिऱ्याच्या भिंती, लाल पत्रा, दारात तिने लावलेली जास्वंद. उघड्या दारातून आतली टेबलं दिसत होती. प्रत्येक टेबलावर तांब्या, पालथे पेले, मिठाची वाटी. तिने सगळं आवार शोधलं होतं. कुठे शेंदूर फासलेला दगड नव्हता, पिंपळ नव्हता, मोडकी घुमटी नव्हती. मग ही माणसं पाया कोणाच्या पडत होती?

दसऱ्याला हॉटेल उघडलं तेव्हापासून हे असंच चाललं होतं. पोलादपूर सोडून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलं की आंबेनळी घाट चढायच्या आधी एक लांबट वळण येतं, त्या वळणावर ही जागा. पूर्वीचं भाताचं गोडाऊन. हर्षद मूळचा बिरवाडीकडचा, पण सगळी उमेदीची वर्षं त्याने गोव्यात म्हापशाच्या एका मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात काढली. स्नेहल महाडची. लग्नानंतर तीही गोव्यालाच गेली. आपल्या भागात परत जायचं आणि आपलं जेवण आपल्या नावाने वाढायचं, हे दोघांनी कितीतरी वर्षं मनात घोळवलं होतं. जागा बघायला आले तेव्हा पोलादपूरच्या दीपकने, म्हणजे मालकाने, भाडं इतकं कमी सांगितलं की हर्षदने दुसरी जागा बघितलीच नाही.

जेवण चांगलं होतं. हे स्नेहल बायको म्हणून म्हणत नव्हती. हर्षद वाल रात्री भिजत घालून, मोड आणून, एकेक सोलून बिरडं करायचा. कोंबडी गावठी, वाटण पाट्यावरचं, तांदळाची भाकरी तव्यावरून थेट ताटात. मुंबईकडची एखादी गाडी चुकून थांबली तर माणसं बोटं चाटत उठायची. पण रिकाम्या हॉटेलासमोर गाड्या थांबत नाहीत, आणि पर्यटकांच्या गाड्यांचे ड्रायव्हर बहुतेक इकडचेच. ते न थांबता पुढे जायचे.

"बोर्ड तरी मोठा लाव," स्नेहल म्हणायची.

"जेवण जेवून कळतं," हर्षदचं उत्तर ठरलेलं. "बोर्ड बघून कोणाचं पोट भरलंय?"

त्याचा चुलत भाऊ ऋत्विक महाडच्या एमआयडीसीत नोकरी करायचा आणि सुट्टीच्या दिवशी खाण्याच्या जागांच्या रील बनवायचा. पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला होता, दादा, एक रील टाकू. हर्षदने त्याला पोटभर जेवू घातलं आणि फोन खिशातून काढू दिला नाही.

दर्‍याखोऱ्यातल्या लोकांना मात्र हे जेवण माहीत झालं होतं. ते फोन करून मागवायचे. फक्त न्यायला आलेला माणूस रस्त्यापलीकडे थांबायचा.

बाजाराच्या दिवशी स्नेहल पोलादपुरात भाजी घ्यायला गेली. भाजीवाली सुंदराबाई तिच्या ओळखीची झाली होती.

"मावशी, खरं सांगा. माझ्या हॉटेलात काय वाईट आहे?"

"जेवन तर झकास म्हनतात गो."

"मग आत येऊन कोणी बसत का नाही?"

सुंदराबाईने हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. "दीपकनं सांगितलं नाय तुला?"

"काय?"

"त्यालाच विचार," सुंदराबाई म्हणाली. न मागता कोथिंबिरीची काडी पिशवीत घातली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

स्नेहल दीपकच्या दुकानावर गेली, तर दुकान बंद होतं. ती परतली तेव्हा हॉटेलात एक बाई येऊन बसली होती.

या बाईला ती ओळखत होती. नाव सगुणाबाई. वरच्या धनगरवाड्यावरून तूप विकायला बाजाराला यायची आणि परतीच्या एसटीची वाट बघत हॉटेलात टेकायची. आसपासच्या साऱ्या माणसांत आत येऊन बसणारी ती एकटीच. चपला पायरीखाली काढायची, सरळ स्वयंपाकघराजवळच्या भिंतीशी जायची आणि तिथल्या बाकावर बसायची. स्नेहलला तिचं फार अप्रूप होतं. पहिल्या दिवशी तिने ताटच आणून ठेवलं होतं. सगुणाबाईने ते हाताने हळूच बाजूला सारलं. "नाय गो. बसते जरा."

"गाडीची वाट बघता का?" स्नेहलने तेव्हा विचारलं होतं.

"गाडीची पन," सगुणाबाई म्हणाली होती.

आज ती भिंतीवरून हात फिरवत होती. बसल्या बसल्या, गुडघ्याच्या उंचीवर, चाचपत.

"आकडं पुसलंस होय?"

भाजीची पिशवी स्नेहलच्या हातातच राहिली. गोडाऊन साफ करायला घेतलं तेव्हा भिंतीच्या तळाशी निळ्या रंगाने घातलेले आकडे होते, ओळीने, हातभर अंतरावर. कोपऱ्याकोपऱ्यातून पांढऱ्या भुकटीचे थर निघाले होते, नाकात झोंबणारे. खताचं काही असेल असं समजून तिनेच ते झाडून काढलं, आणि आकड्यांवर चुन्याचा हात मारला.

"हो. पोत्यांचे होते ना ते? थप्प्या लावायचे?"

"मानसांचं," सगुणाबाई म्हणाली.

स्नेहल तिच्या शेजारी बाकावर बसली. पिशवी मांडीवरच होती.

सगुणाबाईने सांगितलं ते फार मोठ्याने नाही आणि फार हळूही नाही. दूध किती निघालं हे सांगावं तसं. त्या मोठ्या पावसात, ज्या पावसात महाड बुडालं, डोंगर खाली आला. सकाळची वेळ होती, घरोघरी तवे चुलीवर होते. खालची वाडी त्याच्या वाटेत होती. रस्ते तुटले होते, महाडात पाणी, माणसांना इस्पितळात न्यायला वाट नव्हती. हे गोडाऊन उंचावर होतं, वर पत्रा होता. सापडतील तशी माणसं इथे आणली आणि ओळीने निजवली. भिंतीवर आकडे घातले, वास मारायला पांढरी पावडर टाकली. साऱ्या खोऱ्यातली माणसं या दारातून आत आली. कापड उचलायचं, बघायचं, परत झाकायचं. आपलं सापडेपर्यंत पुढे सरकायचं.

"त्येंला काय भुताचं भ्या नाय," सगुणाबाई म्हणाली. "पन हितं बसून घास कसा उतरंल?"

त्या पावसाच्या बातम्या स्नेहलने म्हापशाच्या खोलीत टीव्हीवर बघितल्या होत्या. महाडला आईचा फोन लागत नव्हता म्हणून ती दोन दिवस रडली होती. मग आईचा फोन लागला होता, आणि टीव्हीवरचा डोंगर तिच्या मनातून गेला होता.

"तुमचं कोणी..." ती म्हणाली.

"पोरगी. पूनम. त्याच वाडीत दिलेली. जावई हितं सापडला, त्या तिकडं, दाराजवळ. इहीनबाय सापडली. मी ह्या भिताडाला बसलेली. गाडी आली की उठायचं, बगायचं, परत बसायचं." तिने पदराने तोंड पुसलं. "सगळ्यांची आली गो. माजी आलीच नाय."

"मग?"

"मग माती उकरायची मशीन थांबली. साहेब म्हनला, मावशी, आता घरी जा. कागूद दिला. पूनमचा बाबा, आमचा रायबा, म्हनला, मातीत गेली आपली, दिवस घालू. मी नाय घालून दिलं. आलीच नाय तिचं कसं घालायचं?"

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. सगुणाबाई उठली, रिकामी बरणी काखेत मारली आणि पायरीवर जाऊन चपला घालू लागली. स्नेहलकडे न वळता म्हणाली, "झाडतेस चांगलं तू. सोच्छ ठेवलंयस."

हर्षद स्वयंपाकघरात खोबरं खोवत होता. स्नेहलने त्याला सांगायला सुरुवात केली तेव्हा त्याचा हात चालू होता. मध्येच कुठेतरी तो थांबला. सगळं ऐकून झाल्यावर त्याने विळी बाजूला ठेवली.

"मी दुपारचा त्या फरशीवर झोपतो," तो म्हणाला. "गार लागते म्हणून."

त्याच संध्याकाळी तो पोलादपूरला जाऊन दीपकला गाठून आला. भांडायला गेला होता, पण परत आला तो खांदे पाडून. दीपक त्याला म्हणाला होता, "विचारलं असतंत तर सांगितलं असतं. दार माझ्या बापाने उघडून दिलं होतं, मागायला आले तेव्हा. ते चुकलं का त्याचं? त्यानंतर एका शेतकऱ्याने भाताचं एक पोतं ठेवलं नाही तिथं. बाप त्याच घोरात गेला. मी किती वर्षं रिकामं ठेवू, सांगा."

त्या दिवसापासून हॉटेलात काहीतरी बदललं. स्नेहल फडकं मारायला वाकली की कुठे वाकतोय हे तिला कळायचं. टेबलं तिने भिंतीपासून दूर ओढली, मग ती मधोमध गर्दी केल्यासारखी दिसायला लागली म्हणून परत ढकलली. वाऱ्याने दार हललं की ती बघायची. हर्षद फरशीवर आडवा होत नसे. दुपारी तो मागच्या दारात पायरीवर बसायचा, डोंगराकडे पाठ करून. पहाटे उठून वाटण मात्र रोजच्याइतकंच करायचा. ते संध्याकाळी उरायचं. दोघं उभ्या उभ्या थोडं खायची. बसून जेवणं दोघांनीही सोडलं होतं.

थंडी सरत आली तेव्हा एका सकाळी हर्षदने स्वतःच ऋत्विकला फोन केला. स्नेहल दारात तांदूळ निवडत होती. तिने सूप हलवायचं थांबवलं.

"ये," हर्षद फोनवर म्हणत होता. "हो, घेऊन ये. काय काय लागतं ते सगळं घेऊन ये."

ऋत्विक आला तो एक उभा दिवा आणि दोन फोन घेऊन. आधी जेवला. बिरड्याचा पहिला घास घेऊन त्याने डोळे मिटले. "दादा, एवढं चांगलं असून लोक का नाही येत रे?"

हर्षदने सांगून टाकलं. त्याला बहुधा कोणालातरी सांगायचंच होतं.

ऋत्विकचा हात ताटात तसाच राहिला. तो हळूहळू सगळीकडे बघू लागला. वर पत्र्याकडे, खाली फरशीकडे, भिंतीकडे. स्नेहलला वाटलं तो आता उठेल. तो उठला, पण हात धुऊन फोन घेऊन आला.

"हे आधी का नाही सांगितलंस? जेवणाच्या रील हजारो आहेत, दादा. हे कोणाकडेच नाही. 'इथे बसून जेवायची हिंमत आहे का?' एवढंच टाकायचं. आंबेनळीच्या पायथ्याचं झपाटलेलं हॉटेल. पुण्या-मुंबईच्या पोरांच्या रांगा लागतील बघ."

"नको," स्नेहल म्हणाली.

"वहिनी, वाईट काही दाखवणार नाही. फक्त वातावरण."

"त्यांची माणसं होती इथे."

"खोटं तर नाय ना त्यात काय," हर्षद म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता.

"खरंही नाही. इथं भूत कुठं आहे?"

"मग काय हाय इथं?" त्याचा आवाज चढला. "तूच सांग. मी रोज पहाटे उठून कोणासाठी वाटतोय? गिऱ्हाईक नाय, भूत नाय. मग हाय तरी कोण?"

स्नेहलने त्याच्या हातांकडे बघितलं. त्याच्या बोटांना हळदीचा पिवळा रंग कायमचा बसला होता. सकाळपासून सोललेले वाल परातीत पडून होते. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने नाही म्हटलं नाही.

बाहेरून खरवडल्याचा आवाज आला म्हणून ती डोकावली. ऋत्विक भिंतीशी उकिडवा बसून चमच्याच्या टोकाने चुना काढत होता. निळा रंग दिसू लागला होता. आधी एक गोलाई, मग खालची शेपटी. त्याने दिवा जवळ ओढला, फोन आकड्यासमोर धरला आणि अगदी हळू मागे मागे सरकत गेला. हर्षद टेबलाला टेकून बघत होता. त्याचा चेहरा आजारी माणसासारखा झाला होता.

तेवढ्यात दारात सावली पडली. तो बाजाराचा दिवस होता हे स्नेहलच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

सगुणाबाईने चपला काढल्या, आत आली आणि उजेडात उघड्या पडलेल्या त्या आकड्याकडे बघत उभी राहिली. ऋत्विकने फोन खाली केला. चमचा त्याच्या हातातून सुटला आणि फरशीवर वाजला.

"आजी, ते आम्ही..." तो म्हणाला.

"हे फोनात घालतोस?"

"हो. म्हणजे, घालणार होतो."

"मंग काय होतं?"

"मग लोक बघतात."

"कुठली?"

"सगळीकडची. मुंबई, पुणं."

"सातारच्या अंगाची? डोंगरापल्याडची?"

"सातारा, कराड, कोल्हापूर. कुठलीही."

सगुणाबाईने तुपाची बरणी बाकावर ठेवली. पदर डोक्यावरून नीट घेतला, कपाळावरचे केस आत सारले, आणि त्या आकड्याला पाठ लावून बसली.

"मंग धर," ती म्हणाली. "मला बोलायचं हाय."

ऋत्विकने हर्षदकडे बघितलं, स्नेहलकडे बघितलं. मग फोन वर केला. आता तो दोन्ही हातांनी धरला होता.

सगुणाबाईला कुठे बघायचं ते कळत नव्हतं. आधी ती दिव्याकडे बघू लागली, मग ऋत्विकच्या तोंडाकडे.

"पूनम, मी आय बोलते. तू हितं आली नायस, मी रोज बगत व्हते. सगळी आली, तू नाय. म्हनून मी म्हनते, तू गेली नसशील. शेरडं घेऊन वर गेली असशील, डोक्याला लागलं असंल, इसरली असशील. तर ऐक. तुजं नाव पूनम. डाव्या हातावर तुळस गोंदलेली हाय बग, कोपराच्या खाली, मी गोंदवलेली, तू रडलेलीस. तुजा बाबा बरा हाय. राजूचं लगीन झालं, वयनी चांगली हाय तुजी." ती थांबली. मग पहिल्यांदाच तिने थेट फोनकडे बघितलं. "कोनी बगितली असंल तर तिला सांगा. पोलादपूरच्या फुडं, घाट लागायच्या आदी वळनाला हाटेल हाय. आय बाजाराच्या दिवशी तितं येऊन बसते. हाटेल चांगलं हाय, मानसं चांगली हायत. जेवन..."

तिने स्नेहलकडे बघितलं.

"जेवन मी खाल्लं नाय अजून. पन वास चांगला येतो."

नंतर बराच वेळ ऋत्विकने फोन खाली घेतला नाही. हर्षद स्वयंपाकघरात निघून गेला. तिथून नळ सोडल्याचा आवाज येत राहिला, भांडं मात्र एकही वाजलं नाही.

जाताना ऋत्विक म्हणाला, "ते दुसरं सगळं पुसून टाकलंय."

"म्हातारीचं तेवढं टाक," हर्षद म्हणाला. "गाणंबिणं लावू नको. हॉटेलचं नाव लिहू नको."

"आणि हे?" ऋत्विकने भिंतीकडे बोट केलं.

"राहू दे."

ती रील खोऱ्यातल्या साऱ्या फोनांवर फिरली. पहिला आला तो मोटरसायकलवाला. चांगू त्याचं नाव, हे त्याने तेव्हा सांगितलं. त्याने जांभळीखाली गाडी लावली, मागे बसलेल्या म्हाताऱ्या आईला हाताला धरून रस्ता ओलांडवला आणि दोघांनी पायरीखाली चपला काढल्या. म्हातारी दारात थांबली. मग एका टेबलापर्यंत गेली, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून खालच्या फरशीकडे बघत उभी राहिली. तिचा भाऊ तिथे होता, असं चांगूने नंतर हळूच सांगितलं. ती बसली. स्नेहलने वाढलं. म्हातारीने पहिला घास तोंडात घालून कितीतरी वेळ चावला. मग हात पुढे करून म्हणाली, "बिरडं घाल गो अजून."

त्यानंतर माणसं येत गेली. आधी खोऱ्यातली, घरटी दोघं-तिघं, हलक्या आवाजात बोलणारी. सगुणा बसते तर आपण का नाही, असं सुंदराबाईच्या दुकानावर कोणीतरी म्हणालं म्हणे. गाड्या उभ्या दिसू लागल्यावर पर्यटकही थांबायला लागले. शिमगा आला तोवर रविवारी टेबलं पुरेनाशी झाली, हर्षदने मदतीला बाया घेतल्या. काही लोक नुसतेच सगुणाबाईला बघायला यायचे. तिच्याकडे फोन वळवलेला दिसला की हर्षद झारा हातात घेऊनच बाहेर यायचा.

रील बघून फोनही यायचे. वाईला एक बाई देवळात बसते. कराडच्या स्टँडवर एक आहे, नाव सांगत नाही. एकदा हर्षद हॉटेल स्नेहलवर सोडून सगुणाबाईला आणि रायबाला घेऊन साताऱ्याजवळच्या एका आश्रमात जाऊन आला. तिथल्या बाईच्या हातावर गोंदण होतं, पण मोराचं. परत येताना सगुणाबाई गाडीत म्हणाली, "तिला पन कोनतरी असंलच की."

दुपारची गर्दी ओसरल्यावर दोघं मागच्या दारी भांडी विसळत होती.

"आपलं चाललंय ते तिच्यावर," हर्षद म्हणाला.

स्नेहलने हातातली परात पालथी केली. "कोणीतरी सांगायला हवं का रे तिला?"

"काय सांगणार?"

"की आता नाही..."

"तुला ठाऊक हाय?"

तिला ठाऊक नव्हतं. वर्षभरापूर्वी कोणी विचारलं असतं तर तिने बेधडक सांगितलं असतं, डोंगराखाली गेलेलं माणूस परत येत नाही. आता ती वाढायला वाकायची तेव्हा बाईमाणसाच्या ताटाकडे तिची नजर उशिरा जायची. आधी डाव्या हाताकडे जायची. मुंबईच्या, पुण्याच्या, गोऱ्या, सावळ्या, बांगड्या भरलेल्या, मोकळ्या हातांकडे. हर्षदला तिने हे सांगितलं नव्हतं. पण गिऱ्हाईक बाईचा आवाज आला की तोही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहतो, हे तिने पाहिलं होतं.

चैत्रातल्या एका बाजाराच्या दिवशी महाबळेश्वरहून उतरणारी एसटी वळणावर थांबली आणि एक बाई एकटीच खाली उतरली. तिशी-पस्तिशीची, सावळी. अंगात उन्हाचा पांढरा कोट, बाह्या पार बोटांपर्यंत. ती दारात थोडी घुटमळली, आत आली आणि दाराजवळच्या टेबलाशी बसली. तिला दुसरीकडे कुठे जागाच नव्हती.

आतलं बोलणं कमी होत गेलं. चांगूची आई घास हातात धरून बघत होती. पलीकडच्या टेबलावरचे खोऱ्यातले लोक बघत होते. पर्यटकांना काही कळलं नाही, तरी तेही हळू बोलू लागले. भिंतीजवळच्या बाकावर सगुणाबाई ताठ बसली होती. तिचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

स्नेहल तांब्या-पेला घेऊन गेली. काय घेणार, असं विचारायचं होतं.

"कुठून आलात?" तिने विचारलं.

"वाईहून. महाडला चाललेय, पण उलटी होईल असं वाटलं म्हणून उतरले. पुढची गाडी कधी आहे?"

"आहे तासाभराने. नाव काय तुमचं?"

बाईने मान वर केली. एवढी माणसं आपल्याकडे बघतायत हे तिला तेव्हा दिसलं.

"रेश्मा," ती म्हणाली. "का हो?"

"काही नाही. सहज."

बाईने कपाळावरचा घाम टिपला, कोटाची चेन उघडली आणि हात बाहेर काढले. दोन्ही हात नितळ होते. एका मनगटात घड्याळ.

कोणीतरी खुर्ची सरकवली. बोलणं पुन्हा सुरू झालं, भांडी वाजली. स्वयंपाकघराच्या दारात हर्षद उभा होता, तो आत वळला. स्नेहलने तांब्या टेबलावर ठेवला आणि सगुणाबाईकडे बघायचं धाडस करायला तिला थोडा वेळ लागला.

सगुणाबाई उठून स्नेहलच्या शेजारी येऊन उभी होती.

"वाढ गो तिला," ती म्हणाली. "लांबून आलीय. तिखाट नको घालू, पोट बिघाडलंय तिचं. नुसता भात आन तूप दे. माजं घे, बरनीतलं."

मग तिनेच तांब्या उचलला आणि त्या अनोळखी बाईचा पेला भरला. पाणी काठाला आलं.

"बस, आजी, पुरे," बाई म्हणाली.

"पी," सगुणाबाई म्हणाली, आणि तिच्या पाठीवरून एकदाच हात फिरवला. "घाट उतरून आलीस."